डोकी मोजणारी डॉट

माझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या बाईला नुसतं "डॉट" म्हणायचं, हे मला पहिले सहा महिने जमलं नाही. मी "मिसेस" म्हणून सुरुवात करायचे आणि ती हात वर करून मला तिथेच थांबवायची. "मिसेस माझी सासू होती, आणि ती मला आवडायची नाही." मग मी नाव घ्यायचंच टाळलं. "एक्स्क्यूज मी"वर भागवलं. शेवटी एकदा ती म्हणाली, "अनघा, माझं नाव फुकट आहे, वापर." तेव्हापासून ती डॉट. मनातल्या मनात मात्र मी तिला आजही अहो-जाहो करते.

डॉट आमच्या डार्विनच्या उत्तरेकडच्या वस्तीची आमदार होती. इथे त्याला दुसरा शब्द आहे, पण आमदार म्हटलं की आपल्याला पांढरी गाडी आणि मागेपुढे माणसं दिसतात, म्हणून आधीच सांगते: डॉटची गाडी मळकी होती आणि तिच्या मागेपुढे कोणीही नसायचं. ती कुठल्याच पक्षाची नव्हती. अपक्ष. आपल्याकडे अपक्ष म्हणजे तिकीट न मिळालेला माणूस. डॉटला तिकीट द्यायला दोन्ही पक्ष घरी येऊन गेले होते. दोघांनाही तिने थंड पाणी दिलं आणि सांगितलं, "मी बावीस वर्षं बस चालवली. कोण कुठल्या घरातून येतं ते बघून सीट दिली नाही."

ती शाळेची बस चालवायची. हेच तिचं सगळं भांडवल. आमच्या वस्तीतला चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या बसमध्ये बसलेला, तिचा ओरडा खाल्लेला. दाढीमिशा आलेले सुतार, नर्सा, पोलीस तिला बघितल्यावर च्युइंग गम गिळून टाकायचे. एका वर्षी बसचा एक थांबा कागदावरच रद्द झाला. डॉटने त्या थांब्यावर बस उभी केली, मुलांना घेतलं, आणि वरिष्ठांना सांगितलं की माझी मोजणी पूर्ण झाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. नोकरी जायची वेळ आली. गेली नाही, पण पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला उभी केली, आणि ती निवडून आली. सलग तीनदा.

बस सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. बोलता बोलता ती मधेच मान किंचित उचलून वर डावीकडे बघायची. मला आधी वाटलं, छतावर पाल आहे. डार्विनमध्ये ती असतेच. मग कळलं, तिथे तिचा आरसा असायचा. मागे काय चाललंय ते बघणारा. आता आरसा नव्हता, पण डोळे जायचे. आणि दुसरी सवय मोजण्याची. कुठेही चार माणसं जमली की ती एक बोट हवेत हलवून डोकी मोजायची. सभेत, लग्नात, अंत्यविधीलासुद्धा. तिच्याबरोबर कॉफी प्यायला दोघी गेल्या तर दोघींना मोजायची.

दर शनिवारी सकाळी शॉपिंग सेंटरबाहेरच्या मोठ्या झाडाखाली ती एक घडीचं टेबल मांडून बसायची. टेबलावर वही, खाली बर्फाच्या पाण्याची पेटी, समोर एक खुर्ची. एकच. "दोन ठेवल्या की नवरा बोलतो आणि बायको ऐकते," हे तिचं स्पष्टीकरण. इस्त्रीची अर्धी पँट, बिनबाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला. विधानसभेत जाताना त्यावर निळा कोट चढायचा, आणि तोही फक्त तिथला एसी सोसवत नाही म्हणून.

साथीच्या पहिल्या वर्षी मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

माझी इरा तेव्हा नाशिकला होती. तीन वर्षांची. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नुकती लागले होते, सगळ्या वेड्यावाकड्या शिफ्टा माझ्या वाट्याला, आणि माझा नवरा नितीन गॅसच्या प्रकल्पावर तीन आठवडे समुद्रात, एक आठवडा घरी. सासूबाई म्हणाल्या, "तीन महिने आम्ही नेतो, तुम्ही बस्तान बसवा." तीनच महिने. विमानतळावर मी इराला सांगितलं, आंबे पिकले की येशील. आणि मग सगळ्या जगाची दारं लागली. इकडे आंबे पिकले, तिकडे आंबे पिकले. एकट्या लहान मुलाला कुठलंही विमान घ्यायला तयार नव्हतं. मी आणायला गेले असते तर परत येता येईल याची खात्री नव्हती. इरा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना विचारायची, "आई कोणत्या फोनमध्ये राहते?" हे माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. एकदा मी ऐकलं.

मी खुर्चीत बसले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, "मी तुम्हाला मत देऊ शकत नाही. मी पीआर आहे, कायम राहायची परवानगी आहे, पण सिटिझन नाही." आपल्याला वाटतं, आधी खरं सांगून टाकावं, नंतर अपमान नको.

डॉट म्हणाली, "मी विचारलं?"

मग मी सगळं सांगितलं आणि सांगताना रडले. तिने रुमाल दिला आणि माझ्यासमोरचा फॉर्म बाजूला ओढला. "रड. पण फॉर्मवर नको. शाई फुटते, आणि मग ते परत पाठवतात." त्या वेळी मला तिचा राग आला होता. नंतर असे अकरा-बारा फॉर्म भरल्यावर कळलं की बाईने त्या दिवशी सगळ्यात उपयोगाचा सल्ला दिला होता.

"हे बघ," ती म्हणाली, "सीमेची चावी माझ्याकडे नाही. ती कॅनबेरात आहे. माझ्याकडे फक्त हॉर्न आहे."

आपले पुढारी "काम झालं समजा" म्हणतात. ही बाई म्हणाली की काम होणं माझ्या हातात नाही. मी घरी येऊन नितीनला सांगितलं की काही अर्थ नाही, ही बसवाली आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात तिचा फोन आला. "तुझ्या मुलीचं नाव सभागृहात घेऊ का? फक्त पहिलं. नको असेल तर नको म्हण." मी हो म्हटलं. मग तिने मला ते नाव पाच वेळा म्हणायला लावलं. ती "आयरा" म्हणत होती. तिच्या जिभेला "इ" सोपी जाईना. गाडी चालवताना ती "ई-रा, ई-रा" असं घोकत होती, हे मला तिच्या ऑफिसातल्या मुलीने नंतर सांगितलं.

विधानसभेत दिवसाचं काम संपताना प्रत्येक सदस्याला काही मिनिटं मिळतात. कुणी फुटबॉलच्या टीमचं अभिनंदन करतं, कुणी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचे आभार मानतं. तोवर बाके रिकामी झालेली असतात. पण बोललेला शब्दन् शब्द छापला जातो, कायमचा. डॉटने त्या दिवशी कुठल्याशा गटाराबद्दल सांगितलं, एका आजोबांच्या नव्वदीबद्दल सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि इरा अजून घरी आलेली नाही." आणि बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही तेच. सभागृह जितके दिवस भरायचं, तितके दिवस भाषण काहीही असो, शेवटचं वाक्य ठरलेलं. मी लॅबमधल्या जेवणाच्या सुट्टीत फोनवर ते बघायचे. ती वर डावीकडे एक नजर टाकायची, मग ते वाक्य. महिन्यांमागून महिने. मी किती वेळा ते मोजलं नाही, तिने मोजलं असेल.

लोक वैतागले. ग्लेन म्हणून समोरच्या बाकावर एक सदस्य होता, आमच्याच वस्तीत वाढलेला. तो एकदा उभा राहून म्हणाला, "माननीय सदस्यांनी लक्षात घ्यावं, हे सभागृह आहे, शाळेची बस नाही."

डॉट म्हणाली, "खरंय. बसमध्ये शिस्त असते."

शनिवारच्या टेबलावरही सगळं गोड नव्हतं. शहराबाहेरच्या जुन्या कामगार वसाहतीत परदेशातून येणाऱ्यांना चौदा दिवस ठेवायला सुरुवात झाली होती, आणि आमच्याकडची माणसं घाबरली होती. त्यांनाही दोष देत नाही. इतके दिवस डार्विनमध्ये आजार शिरलाच नव्हता, आणि आता मुद्दाम विमानं भरून आणायची? एक म्हातारे गृहस्थ डॉटला म्हणाले, "तीनदा तुला मत दिलं. आता देणार नाही. तू रोग आणतेयस." मी रांगेत त्यांच्या मागेच उभी होते. माझा चेहरा बघून त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. डॉटने त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं, अक्षरशः, "रोग आणतेयस" हे शब्दसुद्धा. मग त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठवर आलं ते विचारलं. ते गेल्यावर मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझी मतं जातायत."

"मतं माझी नसतात," ती म्हणाली. "त्यांची असतात. पुढचा कोण?"

तिचा हट्टीपणा, तुसडेपणा, कॉम्प्युटरशी असलेलं वैर हे सगळं होतंच. ऑफिसातल्या मुलीला ती इतकं बोलायची की ती दोनदा नोकरी सोडून परत आली. पण एक गोष्ट मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. "नाही" असं उत्तर आलं की आपण खचतो किंवा भांडतो. डॉट विचारायची, "हे 'नाही' नक्की कशाला?" आलेलं प्रत्येक नकाराचं पत्र ती पेन्सिल घेऊन वाचायची आणि ज्या गोष्टीला नकार दिलेलाच नाही तिच्याखाली रेघ मारायची.

अशीच एक रेघ आम्हाला लागू पडली. एकट्या मुलाला विमानात परवानगी नाही, असं पत्रात होतं. डॉटने "एकट्या" या शब्दाखाली रेघ मारली. "मग दुकटं असलं तर?"

तिच्या त्या रोजच्या वाक्यामुळे इथल्या वर्तमानपत्रात इराबद्दल चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून एका पंजाबी मुलाचा फोन आला. त्याची आई, कुलदीप आंटी, निवृत्त शिक्षिका, दिल्लीत अडकली होती आणि तिचा नंबर पुढच्या विमानात लागला होता. आंटी मला फोनवर म्हणाल्या, "बेटा, मैंने तीस साल बच्चे सँभाले हैं. एक और सही." पुढे कागद, शपथपत्रं, पुन्हा कागद. सासरे इराला घेऊन दिल्लीला गेले. त्या साथीत, त्या वयात. त्यांचे उपकार वेगळेच आहेत.

तरी एक गोष्ट राहिली होती. दिल्लीहून आलेल्यांना चौदा दिवस वसाहतीत राहावं लागणार. आंटींची नि इराची ओळख एका प्रवासाची. डॉटने वसाहत चालवणाऱ्यांना विचारलं, "बाहेरची आई आत जाऊन चौदा दिवस राहिली तर?" तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही, कारण असं कोणी विचारलंच नव्हतं. सगळे तिथून बाहेर कसं पडायचं हेच विचारत होते. मग "हरकत नाही" असं दोन ओळींचं उत्तर आलं.

मी बॅग घेऊन आत गेले. खोल्यांच्या रांगा, प्रत्येकीपुढे छोटा व्हरांडा. बस आली. इरा आंटींचं बोट धरून उतरली, तोंडावर तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा मास्क. दीड वर्षात ती इतकी उंच झाली होती की मी आधी दुसऱ्याच मुलीकडे बघत होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, खालपासून वरपर्यंत मला पाहिलं आणि आंटींना मराठीत म्हणाली, "हिला पाय पण आहेत." फोनमध्ये तिने माझे पाय कधी पाहिलेच नव्हते. मी तिथेच व्हरांड्यात बसकण मारली.

त्या आठवड्यात सभागृह भरलं होतं. मी वसाहतीतल्या खोलीत, मांडीवर इरा, फोनवर डॉट. तिने एका पादचारी पुलाबद्दल सांगितलं. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल सांगितलं. मग वर डावीकडे पाहिलं. "इरा आली," ती म्हणाली. "मोजणी पूर्ण." आणि खाली बसून तिने पाण्याचा ग्लास उचलला. इरा म्हणाली, "त्या आजीला माझं नाव माहितेय." आजही मी कोणाचे आभार मानायला लागले की मला आधी तो पाण्याचा ग्लास आठवतो.

इथे गोष्ट संपवली असती तर माझी अब्रू वाचली असती.

पुढे तीन वर्षांनी निवडणूक आली. साथ सरली होती, मी नागरिक झाले होते, आणि डॉटला मत देता येईल अशी ही माझी पहिलीच निवडणूक. तिच्यासमोर ग्लेन उभा. वस्तीची हद्द बदलल्यामुळे तो आता आमच्याकडून लढत होता. त्याच्या पत्रकावर "आपली माणसं आधी" असं लिहिलं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. मी सुट्टी काढून दारोदार फिरले, उन्हात पत्रकं वाटली. डॉटचं पत्रकही तिच्यासारखंच. "मला १ द्या. बाकी तुमच्या मनाने. पण सगळे चौकोन भरा." कारण इथे एका नावावर खूण करून भागत नाही. जितके उमेदवार, तितक्यांना क्रमांक द्यावे लागतात, नाहीतर मत बाद. डॉट हे टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायची. माझ्यादेखत पन्नासदा सांगितलं असेल. मी स्वतः लोकांना सांगत फिरले.

आणि मी मत द्यायला गेले. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले, दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली, डॉटच्या नावापुढे ठसठशीत १ काढला. चार नावं होती. ग्लेनला ४ द्यायचा होता, शेवटचा, तरी माझा हात उठेना. ज्या माणसाने माझ्या मुलीच्या नावाचं हसं केलं, त्याच्या नावापुढे माझ्या हाताने काहीही लिहायचं? आणि इतर दोघांना तरी का? आपण लहानपणापासून एकच शिकलो, निष्ठा म्हणजे एक. एकाचंच नाव. मी तीन चौकोन कोरे ठेवले, घडी घातली आणि पेटीत टाकली. बाहेर येताना मला व्रत पाळल्यासारखं वाटत होतं, इतकी मी मूर्ख.

डॉट हरली. किती मतांनी, तर तिच्याच शब्दांत, "एका बसमध्ये मावतील एवढी."

आठवडाभर मी तिच्याकडे गेले नाही. मग बटाटेवडे केले आणि गेले. ती अंगणात ते घडीचं टेबल पाण्याच्या पाइपने धूत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने पाइप बंद केला.

"तीन कोरे?"

"हो."

"माझ्या बाजूने म्हणून?"

"हो."

तिने पाइप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ग्लेन माझ्या बसमध्ये होता. सात वर्षं. सगळ्यात मागची सीट. रोज सीटखाली गम चिकटवायचा, मी रोज खरवडायचे. पण मी त्यालाही मोजायचे, अनघा. नावडता आहे म्हणून सोडून दिला तर ती मोजणी नसते."

"रागावलीस?"

"हो. उद्यापर्यंत." तिने डब्याचं झाकण उघडलं, एक वडा उचलला, खाल्ला, नाक पुसलं. "तिखट आहे. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. नुसता अंगठा. राग संपल्याचा.

शाळेच्या पुढच्या सत्रात ती पुन्हा बसवर रुजू झाली. सुट्टीवर गेलेल्या ड्रायव्हरच्या जागी बदली म्हणून. माजी आमदार शाळेची बस चालवते याचं इथे कोणाला फारसं काही वाटलं नाही. मलाच वाईट वाटत राहिलं. इरा तिच्या बसमध्ये जायला लागली आणि घरी येऊन सांगायला लागली, "मम्मा, डॉट इज सो स्ट्रिक्ट." मी म्हणायचे, असू दे.

मग नितीनला सिडनीत काम मिळालं. तिथल्या कॅसल हिल या उपनगरात घर बघितलं, खोकी भरली. इराच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. सकाळीच अंगाला चिकटणारा उकाडा, आभाळ भरलेलं. मी थांब्यावर तिला सोडायला गेले. ठरवून ठेवलं होतं की आज डॉटला नीट काहीतरी बोलायचं. आदल्या दिवशी आरशासमोर इंग्रजीत म्हणूनही पाहिलं होतं.

बस आली, दार उघडलं. इरा चढली. मी पायरीपाशी गेले आणि तोंड उघडलं, तर डॉट म्हणाली, "मागे सरक, मेट, दार बंद करायचंय." मी मागे सरले. दार बंद झालं.

बस हलली नाही. डॉट सीटवरून उठली आणि मागे वळून उभी राहिली. तिचं एक बोट हवेत हलायला लागलं, पुढच्या ओळीपासून मागच्या ओळीपर्यंत, एकेका डोक्यावर. इराच्या डोक्यावर आलं, पुढे गेलं, शेवटच्या सीटवर पोहोचलं. तिथे थांबायला हवं होतं. पण ते बोट तसंच वळलं, खिडकीच्या काचेतून बाहेर आलं, आणि फुटपाथवर उभ्या असलेल्या माझ्यावर थांबलं. तिचे ओठ हलले, आकडा मला ऐकू आला नाही. मग ती बसली आणि बस निघाली.